सोनं दर वर्षी वाढतं

सातारा, ऑगस्टअखेर

चि. पोरी,

तुझं भाषण मिळालं. व्हॉट्सॲपवर अकरा पानांचे फोटो पाठवलेस, त्यातली दोन पानं उलटी. मान वाकडी करून सगळं वाचलं. अक्षर चांगलं आहे. 'दैदीप्यमान' तीनदा आलंय, 'महामेरू' दोनदा, आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी ज्ञानाची गंगा गोरगरिबांच्या दारी आणली आहे. २२ सप्टेंबरला, त्यांच्या जयंतीला, तुझ्याआधी चार जण बोलणार. त्यातले तिघे हीच गंगा आणतील. तुझा नंबर येईपर्यंत मांडवात पूर आलेला असेल.

रागावू नकोस. मीही उमेदीची काही वर्षं अशीच भाषणं ठोकली, टाळ्याही मिळवल्या. मला ज्यानं सरळ केलं त्याची गोष्ट सांगतो.

नोकरीला लागून तीन-चार वर्षं झाली होती. कुंडलच्या बाजूला एका गावात प्रतिसरकारवर, म्हणजे इंग्रजांना डावलून सातारा भागात लोकांनी चालवलेल्या सरकारावर, बोलायला बोलावलं होतं. ७ जून १९४३ ला शेणोलीला पगाराची रेल्वे लुटली, तिथून सुरुवात केली. त्याचे पुढारी क्रांतिसिंह नाना पाटील, त्याचं दल तुफान सेना, सगळं घेतलं, आणि शेवटी गावगुंडांच्या पायाला पत्र्या कशा ठोकल्या ते रंगवून सांगितलं. घोड्याच्या नालासारख्या, खिळ्यांसकट. पोरं डोळे विस्फारून ऐकत होती. चहाच्या वेळी एक म्हातारा जवळ आला. पटका, हातात काठी. म्हणाला, "मास्तर, नाल ठोकताना तुमी बघितलासा काय? तळपायावर काठ्या बसायच्या, त्याला आमी पत्री म्हनायचो." मी गप्प. मग म्हणाला, "आन् माझं लगीन त्याच सरकारात झालं. वाजाप न्हाई, मानपान न्हाई, कर्ज न्हाई. ते न्हाई सांगितलंसा."

त्या रात्री एसटीत मला झोप लागली नाही. प्रतिसरकारनं गावोगाव न्यायदान मंडळं काढली, भावकीतले बांधाचे तंटे मिटवले, बिनखर्चाची गांधी-लग्नं लावली, दारू बंद केली. मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. मला खिळे आवडले होते. ज्याचं लग्न त्या सरकारानं लावलं तो माणूस समोर तासभर मांडी घालून बसला होता, आणि त्याला त्याचं सरकार माझ्या भाषणात सापडलं नाही.

आता तुझ्या पान चारवर येतो. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं सोनं. तू तोळ्यांचा आकडा लिहिलायस. कुठून घेतलास? मी शाळेत असताना ऐकलेला आकडा याहून बराच कमी होता. सोनं दर वर्षी वाढतं, जयंतीगणिक. आकडा खोड. बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटासाठी बाईंनी दागिने काढून दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं, आणि १९३० मध्ये त्या वारल्या. एवढं पुरतं. मंगळसूत्राला तराजू लावायची गरज नाही. त्यापेक्षा तिथं कोण जेवत होतं ते सांग. १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग निघालं, १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला राजर्षी शाहूंचं नाव मिळालं, आणि त्या काळात तिथं सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसत होती. तुझ्या आजीला विचार, तिच्या लहानपणी गावात हे चाललं असतं का. ती जे सांगेल ते भाषणात घाल. आजीचं वाक्य माझ्या दहा वाक्यांना भारी पडेल.

दुसरं असं की तुझे भाऊराव जन्मतःच कर्मवीर आहेत. पहिल्या पानावर कुंभोजला जन्म, दुसऱ्या पानावर १९१९ ला काले गावात रयत शिक्षण संस्था. मधली बत्तीस वर्षं तू एका ओळीत उडवलीस. अगं, खरा माणूस तिथं आहे! त्यांचं स्वतःचं शिक्षण अर्धवट राहिलं. साताऱ्यात शिकवण्या घेतल्या. मग किर्लोस्करांचे नांगर आणि ओगल्यांच्या काचमालाची विक्री करत गावोगाव फिरले. लोखंडी नांगर विकणं काय असतं, विचार कर. लाकडी नांगरावर पिढ्या काढलेल्या शेतकऱ्याच्या बांधावर उभं राहायचं, त्याच्या शंका ऐकून घ्यायच्या, नाही म्हणाला तरी परत यायचं. कुठल्या गावात पाटलाचं ऐकतात, कुठं म्हातारीचं चालतं, सुगी कधी, हातात पैसा कधी, हे त्यातून कळतं. पुढं हाच माणूस त्याच लोकांकडे पोरं मागायला आणि धान्य मागायला गेला. संस्था काढायची विद्या ते कुठं शिकले, असं मला कुणी विचारलं तर मी नांगराकडे बोट दाखवीन. हे माझं मत आहे. तुला पटलं नाही तर खोडून काढ, पण वाचून खोड.

तू सुट्टीत मसूरला उतरतेस ना? ते स्टेशन लक्षात ठेव. साताऱ्याच्या आताच्या प्रतापसिंह हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० ला एका पोराचं नाव दाखल झालं. रजिस्टरात १९१४ या नंबरापुढं 'भिवा रामजी आंबेडकर'. पुढच्याच वर्षी वडिलांना भेटायला खटाव तालुक्यातल्या गोरेगावला जायचं म्हणून तो, त्याचा भाऊ आणि बहिणीची दोन पोरं मसूर स्टेशनात उतरली. न्यायला कुणी आलं नव्हतं. पोरं महाराची आहेत कळल्यावर दुप्पट भाडं द्यायची तयारी असूनही गाडीवान मिळेना. शेवटी एक जण कबूल झाला, पण बैल पोरांनीच हाकायचे आणि तो बाजूनं चालणार. रात्री नाक्यावर मुक्काम. डबा भरलेला होता, पण पाणी कुणी देईना, म्हणून पोरं उपाशी झोपली. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. मी वर्गात घटनेची कलमं शिकवायचो तेव्हा पोरं जांभया द्यायची. भरलेला डबा सांगितला की वर्ग चिडीचूप व्हायचा.

आणि फक्त जिंकलेल्यांचेच पाठ गिरवू नकोस. चार भिंतीवर, त्या हुतात्मा स्मारकावर, तुम्ही मैत्रिणी संध्याकाळी फोटो काढायला जाता. इंग्रजांनी पदच्युत केलेल्या साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि चौदा वर्षं राहिले. महाराज मध्येच काशीला वारले, १८४८ मध्ये राज्य खालसा झालं, हे तरी अर्ज करतच होते. हात हलवत परत आले. ८ सप्टेंबर १८५७ ला इंग्रजांनी साताऱ्याच्या गेंडामाळावर उठावाच्या कटापायी सतरा जणांना मारलं, त्यात त्यांचा मुलगा होता. ते स्वतः निसटले ते कायमचेच. या माणसाचं भाषण कसं करशील? टाळी कुठं घेशील? मला अजून जमलेलं नाही.

राहता राहिलं तुझं. तू 'कमवा आणि शिका' योजनेत आहेस. सकाळी दोन तास ग्रंथालयात पुस्तकांवरची धूळ झटकतेस, फाटलेली पानं खळीनं चिकटवतेस. मागं सांगितलं होतंस की पहिला पगार आईच्या हातात दिलास तर तिनं त्या नोटा देवापुढं ठेवल्या, चार दिवस मोडल्या नाहीत. अकरा पानांत 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' चार वेळा आलंय, या नोटा एकदाही नाहीत. लाज वाटली का? तिथं बसलेल्या निम्म्या पोरांच्या हाताला तीच खळ लागलेली असते.

तर अकराची पाच पानं कर. आकडे सगळे तपास. ग्रंथालयातच असतेस, तुला कुणी अडवणार नाही. शेवटी ती शायरी घातलीयस ती काढ. शायरी वाईट नाही, पण तिचा भाऊरावांशी काही संबंध नाही.

रविवारी घरी ये, मोठ्यानं वाचून दाखव. काकू थालीपीठ करणार आहे. आणि गौरीला गावी जाशील तेव्हा मसूरला उतरल्यावर मला फोन कर. तिथून गोरेगावचा रस्ता कुठून फुटतो ते मला एकदा चालून बघायचंय. गुडघे दुखताहेत, तेव्हा गाडी तुझ्या भावाला आणायला सांग.

तुझा,
सर