नोंदवहीतली 'आकडी' म्हणजे कोणता आजार?

प्रश्न असा आहे: सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या वहीत (गाव नमुना 14, साधारण 1911 च्या नोंदी) बऱ्याच तान्ह्या बाळांपुढे मरणाचं कारण 'आकडी' लिहिलंय. आकडी म्हणजे फेफरं ना? मग एकाच गावात इतक्या बाळांना फेफरं कसं?

फेफरं नव्हे. आज 'आकडी आली' म्हटलं की अपस्मार आठवतो, पण शब्दाचा अर्थ अंग आखडणं, आचके येणं एवढाच. आंबे काढायची टोकाला वाकडी काठीही आकडीच. म्हणजे हे लक्षणाचं नाव आहे, रोगाचं नाही. नोंद करणारा पोलीस पाटील काही वैद्य नव्हता. घरच्यांनी जे पाहिलं, सांगितलं, ते त्याने लिहिलं.

म्हणून शेजारचा वयाचा रकाना वाचा. बाळ चार ते चौदा दिवसांचं असेल तर बहुतेक धनुर्वात. नाळ विळ्याने नाहीतर बांबूच्या कामटीने कापायची, वर राख किंवा शेण लावायचं. जंतू तिथूनच शिरत. पहिले दोन-तीन दिवस चांगलं पिणारं बाळ एकाएकी दूध ओढेनासं होई, कारण जबडाच उघडत नसे. मग नुसता हात लागला तरी आचका, आणि पाठ धनुष्यासारखी ताणलेली. हे सगळं नेमकं पाचवी-सटवीच्या आगेमागे. त्या रात्री बाळापाशी जागायचं, दिवा विझू द्यायचा नाही, या रीतीमागे हीच धास्ती असावी असं मला वाटतं. भारतातून नवजात बाळांचा धनुर्वात हटल्याचं जाहीर झालं ते थेट 2015 मध्ये.

बाळ काही महिन्यांचं असेल तर मात्र अंदाज अवघड. जोराचा ताप, मेंदूज्वर, हगवणीने अंगातलं पाणी आटणं, कशानेही आकडी येते. मागच्या-पुढच्या नोंदींत गोवर किंवा हगवण दिसते का ते पाहा.

सरकारी तक्त्यात रकाने असत ते पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण-जुलाब, श्वसनाचे विकार, इजा आणि 'इतर'. आकडीला त्यात वेगळी जागाच नव्हती. त्यामुळे जिल्ह्याच्या बेरजेत ही बाळं दिसेनाशी होतात. गावची वही त्यांच्याबद्दल जास्त सांगते, ती जपून ठेवा.

1918 च्या शेवटच्या महिन्यांतल्या नोंदी मात्र वेगळ्या काढा. तेव्हा मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ होती.