आल्याची गाडी, चहाचा पाला आणि तुझा प्रश्न

प्रिय अनू,

आजी दारात आलेल्या कुणालाही चहा घेतल्याशिवाय जाऊ देत नाही, मग ज्यांनी तो चहा पिकवला त्यांना आपण काय देतो, आणि आपल्या चहाच्या डब्यावर पिकवणाऱ्याला रास्त भाव मिळावा म्हणून असलेलं ते निळं-हिरवं फेअरट्रेडचं चिन्ह का नाही, असं तू इथल्या, इंग्लंडमधल्या गार्स्टँग गावाची सहल करून आल्यावर विचारलंस. मी कामावर निघाले होते, आणि हे दोन वाक्यांत सांगून संपण्यासारखं नव्हतं. म्हणून लिहिते आहे. एखादा शब्द अडला तर बाबांना विचार, पण शेवटपर्यंत वाच.

आधी आजीच्या चहाचं. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावाकडच्या घरांत चहा विचारणं ही माणुसकीची पहिली पायरी मानतात. वायरमन आला, सिलिंडरवाला आला, रस्ता चुकलेला कुणी आला, तरी "अर्धा कप तरी घ्या" म्हणून बसवायचं. खुरपणीला बायका आल्या की अकराच्या सुमाराला बांधावर किटली जाते, आणि ती गेली नाही तर दुसऱ्या दिवशी त्या घरच्या कामाला यायला बायका का कू करतात. ही रीत मला मनापासून आवडते आणि ती तू उचलावीस असं वाटतं. पण तिची दुसरी बाजूही तुला माहीत असू दे. याच गावांमधून दलितांसाठी वेगळ्या कपबश्या ठेवल्या जायच्या, घरात आणि हॉटेलातही. प्यायला चहा तोच, पण कप वेगळा, कोनाड्यात किंवा बाहेर ठेवलेला, आणि पिणाऱ्यानेच विसळून ठेवायचा. तेव्हा चहा पाजला म्हणजे समोरच्याला न्याय दिला, असं आपोआप होत नाही. तुझ्या प्रश्नाचं मूळ मला तिथेच दिसतं.

चहा आपल्याकडे फार जुनाही नाही. आसामात पिकलेल्या चहाचा पहिला लिलाव लंडनमध्ये १८३९ साली झाला आणि पुढे कित्येक दशकं तो चहा परदेशीच जात राहिला. विसाव्या शतकात कंपन्यांनी रेल्वे स्टेशनांवर, गिरण्यांमध्ये, बाजारपेठांत चहाचा प्रचार केला तेव्हा कुठे तो आपल्या चुलीवर चढला. १९३० च्या सुमाराला आसामात पानं चिरडून, फाडून, गोळी करणारं सीटीसी यंत्र निघालं. त्या बारीक दाणेदार पत्तीला चिमूटभरात गडद रंग येतो आणि ती दुधात उकळली तरी चव टिकते. गरिबाला परवडणारा चहा त्यातून झाला. आलं, गवती चहा, वेलची मात्र आपल्या घरात आधीपासूनच होती, सर्दी-पडशाच्या काढ्यासाठी. ती चहात जाऊन बसली. पुण्यात राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी अमृततुल्यची दुकानं काढली आणि खलबत्त्यात कुटलेल्या आलं-वेलचीचा चहा शहरभर केला. तुझ्या मैत्रिणीकडे मिळतो त्यात दालचिनी आणि चक्रीफूल पुढे असतं. तोही छान लागतो, पण आपल्या घरचा चहा आल्यावर उभा आहे, आणि आलं मला चांगलं कळतं, कारण आबांनी ते आयुष्यभर केलं.

आल्याची लागण अक्षय तृतीयेच्या आसपास होते. गादीवाफे ओढायचे, शेणखत टाकायचं, ठिबकच्या नळ्या अंथरायच्या. एकराला आठ-दहा क्विंटल बियाणं लागतं आणि ते विकतचं असेल तर तिथेच कंबर मोडते. पुढे कंदाला मातीची भर लावायची, आणि पावसाळ्यात रोज वाफ्यात वाकून बघायचं की पानं पिवळी पडली का. कारण एकदा कंदकूज लागली की चांगला हिरवा प्लॉट बघता बघता बसतो. हे सगळं पार पडून नऊ-दहा महिन्यांनी आलं तयार होतं, आणि मग खरी परीक्षा सुरू होते. आपल्याकडे आल्याचा भाव गाडीवर बोलतात. एक गाडी म्हणजे ५०० किलो. २०२३ मध्ये गाडीला पन्नास हजारांच्या वर भाव गेला होता. आणि अशीही वर्षं मी पाहिली आहेत की गाडी दहा हजारांत मागतात. म्हणजे कधी किलोला शंभर रुपये, कधी वीस. शेतकऱ्याची मेहनत दोन्ही वर्षी सारखीच, खर्च तर दर वर्षी वाढलेलाच.

भाव पडला की शेतकऱ्याच्या हातात एकच गोष्ट उरते, आलं जमिनीतच ठेवायचं. पाणी देत राहायचं आणि वाट बघायची. पुढच्या पावसात त्याच गड्ड्याला नवे कोंब फुटतात. मग काढलं की एकाच गड्ड्यावर जुनं आलंही असतं आणि नवंही. व्यापारी म्हणतात, नवं वेगळं करा, त्याचा भाव एक, जुन्याचा दुसरा. शेतकरी म्हणतात, सगळं सरसकट घ्या, पीक एकच आहे. यावरून सातारा जिल्ह्यात शेतकऱ्यांनी अलीकडे मोठी आंदोलनं केली. बाहेरच्याला हा वाद किरकोळ वाटेल. पण ज्याच्या शेतात माल पडून आहे, बँकेचा हप्ता तोंडावर आहे आणि व्यापारी बांधावर उभा राहून "यातलं नवं वेगळं करा" म्हणतो, त्याला विचार. व्यापाऱ्याला आजी चहा देतेच. तोही "वहिनी, चहा फार छान" म्हणून पितो. त्यानंतर भाव मात्र तोच सांगतो.

मला तुला हेच सांगायचं आहे, अनू. चांगलं वागणं आणि योग्य भाव मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाव मिळायला शेतकऱ्याच्या हातात "नाही देत" म्हणण्याची ताकद लागते, आणि ती एकट्याच्या हातात क्वचितच असते.

वेलचीचंही असंच. ती मुख्यतः केरळातल्या इडुक्कीच्या डोंगरांतून येते आणि लिलावात विकली जाते. २०१९ मध्ये किलोला ७,००० रुपयांपर्यंत बोली गेली, दोन वर्षांत ती हजाराच्या खालीवर आली. साखरेचं तर तू स्वतः पाहिलं आहेस. गेल्या डिसेंबरात कारखान्याच्या वाटेवर कापडाच्या पालांची वस्ती दिसली, ती बीडकडून आलेल्या ऊसतोड कामगारांची. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता असं मोजतात. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत पहाटेपासून तोड चालू. २०२४ च्या जानेवारीत त्यांच्या तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. कुणाला दया आली म्हणून ती झाली नाही. संघटनांनी कोयता बंद ठेवण्याचा इशारा दिला, वाटाघाटी केल्या, तेव्हा झाली.

आता पत्तीकडे येते. आसामच्या ब्रह्मपुत्र खोऱ्यात मळ्यावरच्या मजुराचा रोज ऑक्टोबर २०२३ मध्ये २५० रुपये झाला. तेवढ्या रोजासाठी दिवसाला साधारण २४ किलो पाला खुडावा लागतो. साडेचार किलोच्या आसपास ओल्या पाल्याचा एक किलो चहा होतो. म्हणजे एका बाईच्या दिवसभराच्या खुडणीतून पाच किलोंच्या वर चहा निघतो. आता तूच हिशेब कर, तुझं गणित माझ्यापेक्षा चांगलं आहे. एक किलो चहामागे खुडणीची मजुरी पन्नास रुपयांच्याही आत, आणि एका किलोत चारशेच्या वर कप होतात. कपामागे दहा-बारा पैसे. मळेवाल्यांना घर, दवाखाना, पाळणाघरही द्यावं लागतं, १९५१ सालापासून कायद्यात तशी तरतूद आहे, ते मोजायला हवं. पण किती मळ्यांत ते नीट मिळतं हा प्रश्न आहेच. त्या बायकांचे पणजोबा-पणजी छोटा नागपूरकडून, ओडिशाकडून करारावर आणले गेले आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिले. ऑक्सफॅम या स्वयंसेवी संस्थेने २०१९ मध्ये दाखवलं होतं की भारतात विकल्या जाणाऱ्या आसाम चहाच्या किमतीतले साधारण सातच टक्के मजुरांपर्यंत पोचतात, आणि निम्म्याहून जास्त ब्रँड आणि दुकानांकडे राहतात.

ही मजुरी दुप्पट केली तरी आपला कप दहा-बारा पैशांनीच महागेल. हे मला जितक्या वेळा आठवतं तितक्या वेळा राग येतो. तुलाही यावा असं वाटतं.

मग ते चिन्ह. तू पाहिलंस ते गार्स्टँग छोटंसं गाव, पण त्याने २००० साली स्वतःला जगातलं पहिलं फेअरट्रेड गाव म्हणून जाहीर केलं आणि घानातल्या कोको पिकवणाऱ्या एका गावाशी नातं जोडलं. मला त्या लोकांचं फार कौतुक आहे. चिन्हामागची कल्पना अशी की बऱ्याच मालाला एक किमान भाव ठरलेला असतो, बाजार कोसळला तरी त्याच्या खाली जायचं नाही. त्याशिवाय वर थोडी रक्कम वेगळी मिळते आणि ती कशावर खर्च करायची हे शेतकऱ्यांची संस्था किंवा मळ्यावर मजुरांनी निवडलेली समिती ठरवते. पाण्याची टाकी, मुलींची सायकल, गॅसची शेगडी, काय हवं ते त्यांनी ठरवायचं. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते. आपल्या आल्याच्या मागे अशी किमान भावाची एक भिंत असती तर आबांची कितीतरी वर्षं वेगळी गेली असती.

२०१७ मध्ये इथल्या एका मोठ्या सुपरमार्केटने आपल्या चहावरून ते चिन्ह काढलं आणि स्वतःची योजना आणली. वरची रक्कम देणारच होते, पण ती कशी खर्चायची यावर शेवटचा शब्द इथल्या मंडळाचा राहणार होता. आफ्रिकेतल्या चहा उत्पादकांनी त्याला जाहीर विरोध केला. पैसे तर मिळतच होते, मग विरोध कशाला, असं तुझ्या वर्गात कुणी म्हटलं तर त्यांना आजीकडचं उदाहरण दे. सालगड्याचा पगार त्याच्या हातात न देता "तुझ्या मुलांना वह्या मीच घेऊन देतो" म्हणणारा मालक गावात असतो. वह्या खऱ्या असतात, पण त्या गड्याला स्वतःच्या कमाईवर हक्क राहत नाही.

चिन्हाच्या मर्यादाही सांगते. चिन्ह मिळालेल्या मळ्याचा सगळा चहा त्या भावाने विकला जात नाही. पुष्कळदा थोडाच जातो आणि बाकीचा नेहमीच्या बाजारात. मळ्यावरच्या मजुराचा रोज चिन्हामुळे आपोआप वाढतो असंही नाही. आणि आज भारतात निम्म्याहून जास्त चहा छोट्या शेतकऱ्यांच्या तुकड्यांमधून येतो. ते आपला पाला कारखान्याला विकतात आणि दर कारखाना सांगतो. आपल्या आल्यासारखंच. त्यातले बहुतेक कुठल्याच चिन्हाच्या कागदपत्रांपर्यंत पोचलेले नाहीत.

म्हणून मला केरळातल्या मुन्नारच्या बायकांची गोष्ट या सगळ्यापेक्षा मोठी वाटते. सप्टेंबर २०१५ मध्ये तिथल्या मळ्यांवरच्या हजारो तमिळ बायका रस्त्यावर बसल्या. बोनस कमी केला म्हणून. त्यांनी युनियनच्या पुढाऱ्यांनाही जवळ येऊ दिलं नाही, आमचं आम्हीच बोलू म्हणाल्या. त्यांच्या एकजुटीला पेंपिळै ओरुमै हे नाव पडलं. २० टक्के बोनस त्यांनी मिळवला आणि पुढे रोज २३२ रुपयांवरून ३०१ वर गेला. मागितले होते ५००, ते मिळाले नाहीत. पण पाठीवर टोपली घेऊन उतारावर दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायकांनी सरकारला आणि कंपनीला टेबलावर बसवलं.

आपल्या डब्याबद्दल सांगायचं तर त्यावर चिन्ह नाही कारण मी वर्षानुवर्षं भारतीय दुकानातली तीच कडक पत्ती आणते. सवयीची आणि दुधात टिकणारी म्हणून. इथे चिन्ह असलेला सीटीसी चहा मिळतो. तो आपल्या आल्या-दुधात कसा उतरतो ते बघू, आणि चांगला उतरला तर तोच ठेवू. थोडा महाग पडेल, तो आपल्याला झेपतो. मसाल्यासाठी केरळातल्या फेअर ट्रेड अलायन्स केरळ या शेतकऱ्यांच्या संघटनेचं नाव लिहून ठेव. मिरी, सुंठ, जायफळ, काजू असं मिश्र पीक घेणारे छोटे शेतकरी त्यात आहेत. त्यांचा माल इथे कुठे मिळतो ते तू शोध, ते तुझं काम. आलं मात्र इथे बहुतेक चीनचं, ब्राझीलचं नाहीतर पेरूचं मिळतं. तिथला शेतकरीही तुझ्या मामासारखा कुणाचा तरी मामा असेल, हे घेताना मनात असू दे. गवती चहाची कुंडी थंडी पडायच्या आधी घरात घ्यायला विसरू नकोस, गेल्या वर्षीची गेली.

चिन्हाचा चहा विकत घेऊन आपण निश्चिंत व्हावं असं मला वाटत नाही. गावाकडे गेलीस की बांधावर चहा द्यायला आजीबरोबर तू जा, आणि त्या बायकांना त्यांचा रोज किती, गड्यांचा किती, हेही विचार. दोन्ही आकडे सारखे नसतात. का नसतात ते आजीला विचार. ती आधी चिडेल, मग उत्तर देईल, आणि तुमचं भांडण झालं तर मी तुझ्या बाजूने आहे.

रविवारी मामाला फोन लाव. यंदा गाडीला काय भाव चालला आहे, आलं काढणार की ठेवणार, आणि जुन्या-नव्याचं काय झालं, हे सगळं नीट लिहून घे. तो बोलायला लागला की थांबत नाही, तेव्हा वही हाताशी ठेव.

तुझी,
आई