आढ्याकडे बघून उत्तर देणारी मुलगी

भाऊ,

दारव्हा तालुक्यातून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी बारावी सायन्सला. मोबाइलवरच्या स्वभावचाचणीत तिचा प्रकार 'आयएनटीपी' (चार इंग्रजी अक्षरांची खूण) निघाला. पाहुणे आले की आत निघून जाते, काही विचारलं की आढ्याकडे बघत राहते आणि उशिरा उत्तर देते. मोठा मुलगा कृषी केंद्रावर बसतो, चार माणसांत बोलका. 'ही घुमी पोरगी मुलाखतीत काय टिकणार?' असं तुम्ही विचारता.

मला तुमच्या पत्रातल्या शेवटच्या दोन ओळी मोलाच्या वाटल्या. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदीत भाव का कापला, ते तिनं पावती बघून उलगडून सांगितलं: ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की कपात, १२ च्या वर कापूस घेतच नाहीत. आणि तोच कापूस गाडीत भरताना मुलानं मुठीत दाबून 'ओला आहे, बाबा' म्हटलं होतं.

एकाच कापसाकडे दोघं असं बघतात. स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये हाच फरक मांडला: कुणाचं मन बाहेरच्या जगाकडे ओढ घेतं, कुणाचं आत, कुणी हाताडोळ्यांना कळेल ते आधी टिपतं, कुणी त्यामागची संगती शोधतं. पुढे अमेरिकेत कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इसाबेल मायर्स यांनी त्यावरून प्रश्नावली केली, तिचेच हे १६ प्रकार. त्या हिशेबानं तुमच्या मुलीचं मन आधी आत जुळवाजुळव करतं, मग तोंड उघडतं. आढ्याकडे लागलेली नजर म्हणजे ती जुळवाजुळव. तेवढ्यात कुणी 'बोल ना लवकर' म्हटलं की धागा तुटतो आणि पोर गप्प होते. शिबिरांत हे मी कितीदा पाहिलंय!

पण चार अक्षरांवरून शाखा ठरवू नका, अगदी कळकळीनं सांगते. काही आठवड्यांनी तीच चाचणी दिली तर बऱ्याच जणांचं एखादं अक्षर बदलतं. शिवाय ती कल सांगते, कुवत नाही. कुवतीसाठी तिचे गणिताचे पेपर काढून बघा. संख्याशास्त्र, किंवा अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची कृषी पदवी, दोन्हींची माहिती तिलाच काढू द्या.

मुलाखतीला अजून वेळ आहे, आणि बोलणं सरावानं येतं. या रविवारी ती पावती तिच्या हातात द्या, भावाला हिशेब समजावून सांगू द्या. तो मध्ये मध्ये विचारणारच, विचारू द्या. ती थांबली तर तुम्ही मात्र बोलू नका.