आरोग्य-प्रश्नोत्तरे : खासगी प्रश्न आणि खरी उत्तरे

प्रश्न : आमच्या गावात एका वैद्यकीय संशोधनाचे काम सुरू आहे. दोन मुली घरी आल्या आणि अंगावरून पांढरे जाते का, संबंधांच्या वेळी दुखते का, पतीखेरीज आणखी कुणाशी संबंध आले आहेत का, असे सासूबाईंच्या देखतच विचारू लागल्या. ‘काही त्रास नाही’ असे सांगून मी मोकळी झाले. पण पांढरे जाण्याचा त्रास मला बरेच महिने आहे. त्या पुन्हा येणार आहेत. असल्या गोष्टी कुणाला कशाला हव्यात? आणि खरे सांगितले, तर ते गावभर होणार नाही कशावरून?
— एक वाचक, धाराशिव जिल्हा

उत्तर : तुमचा राग रास्त आहे. असे प्रश्न घरातल्या कुणासमोरही विचारायचे नसतात. त्यातून बाईची कुचंबणा तर होतेच, शिवाय संशोधनही फसते, कारण सासूबाईंसमोर दिलेले ‘त्रास नाही’ हे उत्तर कागदावर निरोगी स्त्री म्हणून जमा होते.

मात्र हे प्रश्न विचारलेच जाऊ नयेत, असे मी म्हणणार नाही. स्त्रीचे आरोग्य म्हणजे गरोदरपण, बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढाच हिशेब आपल्याकडे वर्षानुवर्षे चालला. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतील ६५० स्त्रियांचा अभ्यास केला आणि १९८९ मध्ये तो ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार असल्याचे दिसले. त्यासाठी आधी कधी तपासणी आणि उपचार झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. त्याहून बोलका आकडा असा, की ४५ टक्के स्त्रियांनी आपल्याला काहीच तक्रार नसल्याचे सांगितले होते. दुखणे अंगावर काढायची इतकी सवय झाली, की ते दुखणे आहे हेच लक्षात येईनासे होते.

तुमच्या जिल्ह्याचेही या विषयात मोठे योगदान आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास झाला. गर्भाशयमुखाचा कर्करोग ज्या एचपीव्ही विषाणूमुळे होतो, त्याची एकदा तपासणी करून पुढचे उपचार दिले, तर या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे त्यातून २००९ मध्ये जगासमोर आले. हा विषाणू लैंगिक संबंधांतून पसरतो, म्हणून अशा अभ्यासांत संबंधांची माहिती विचारावी लागते. याच अभ्यासात तुलनेसाठी निवडलेल्या गावांतल्या स्त्रियांची मात्र तपासणी झाली नाही, आणि त्यावर पुढे नैतिक आक्षेप घेतले गेले. ते आक्षेप मला गंभीर वाटतात. ज्ञान सगळ्यांना मिळाले, पण जोखीम कुणाच्या वाट्याला आली, हे विचारायलाच हवे.

म्हणून त्या मुली पुन्हा आल्या, की आधी मराठीतले माहितीपत्रक मागा आणि एकांतात बोलण्याचा आग्रह धरा. माहितीपत्रकात संशोधनाचा उद्देश, तुमची माहिती कुणाच्या हाती राहील, तपासणीत आजार आढळल्यास उपचारांची सोय काय, आणि शंका असल्यास संपर्क कुणाशी साधायचा, हे लिहिलेले असले पाहिजे. एखाद्या प्रश्नाचे उत्तर नाकारण्याचा किंवा मध्येच बाहेर पडण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार अडवता येत नाहीत. एचआयव्हीची तपासणी करायची असेल, तर २०१७ च्या कायद्यानुसार त्यासाठी तुमची संमती घ्यावीच लागते. यातले काही टाळले जात असेल, तर खुशाल नकार द्या.

तुमच्या त्रासाला मात्र संशोधनाची वाट पाहायला लावू नका. थोडा पातळ, वास नसलेला स्राव नैसर्गिक असतो आणि पाळीच्या चक्रानुसार बदलतो; पण खाज, दुर्गंधी, दह्यासारखा किंवा हिरवट-पिवळा स्राव, ओटीपोटात दुखणे किंवा संबंधांनंतर रक्त जाणे यांपैकी काही असेल, तर तपासणी लगेच करून घ्या. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ या नावाने यासाठी मोफत सेवा असते. काही संसर्गांत पतीलाही उपचार घ्यावे लागतात, नाहीतर तोच आजार परत होतो. तेव्हा ‘यांनाही औषध लागेल का?’ हे डॉक्टरांना आवर्जून विचारा.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. बायकांशी हा विषय कसा काढावा, ते कळत नाही.
— सोलापूर जिल्हा

उत्तर : ताई, थेट संबंधांवर येऊ नका. पाळी, अंगावरून जाणे, लघवीची जळजळ असे विचारत पुढे जा, आणि ‘हे मी सगळ्यांनाच विचारते’ असे आधी सांगा. त्यामुळे आपल्यावर संशय घेतला जातोय, असे बाईला वाटत नाही. घरात माणसे असतील, तर विषय न काढता तिला उपकेंद्रात बोलवा. विधवा, नवऱ्याने टाकलेल्या आणि अविवाहित स्त्रियांना हे प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, आणि त्यामुळे त्यांचे आजार सर्वांत उशिरा कळतात. त्यांना वगळू नका. घरोघरी फिरताना उघडी राहणाऱ्या वहीत कुणाच्याही नावासमोर ही तक्रार लिहू नका.