दुसरा हात कुठे आहे?

पोरी,

तुझ्या पत्रात नऊ प्रश्न आहेत आणि त्यातले सात नुसते नावांचे. अर्निस, एस्क्रिमा की काली? दोसे पारेस बरं की बालिन्तावाक? हे आधी उरकतो. तिन्ही नावं साधारण एकाच विद्येची, फिलिपिन्सच्या काठी-सुरीच्या लढाईची. फिलिपिन्सने २००९ साली कायदा करून अर्निसला राष्ट्रीय युद्धकला आणि खेळ ठरवलं, म्हणून सरकारदरबारी ते नाव चालतं. दोसे पारेस आणि बालिन्तावाक ही त्यातली घराणी. दोसे पारेस फिलिपिन्सच्याच सेबूत १९३२ साली निघालं. त्यातूनच बाहेर पडलेल्या आन्सियोंग बेकनने १९५२ मध्ये बालिन्तावाक सुरू केलं: एकच काठी आणि अगदी अंगालगतची झुंज. तुझ्या गावात जो कोणी नीट शिकवतो त्याच्याकडे जा. फक्त पहिल्या दिवशी कोपऱ्यात उभी राहून एवढंच बघ, की जुन्या विद्यार्थ्यांचा काठी नसलेला हात कुठे आहे. कमरेशी लोंबत असेल तर घरी परत ये.

आठवा प्रश्न काठीचा. वेताचीच घे, साधारण २८ इंच लांब, इंचभर जाड. वेत झिजला की त्याचे तंतू सुटतात, काठी पिंजल्यासारखी होते. इतर लाकडाचा मात्र टोकदार तुकडा उडून डोळ्यात जाऊ शकतो. तरीही जोडीने खेळताना चष्मा हवाच. कामागोंग या टणक लाकडाच्या काळ्याभोर काठ्या दिसायला देखण्या, पण त्या एकटीने घुमवायच्या. जोडीदाराच्या बोटावर बसली तर हाड मोडेल. पकडताना मुठीखाली तीन-चार बोटं काठी उरू दे. त्या बुडख्याला पुन्यो म्हणतात, अगदी जवळ आलेल्या माणसासाठी तोच कामाचा.

आता नववा, ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो. ‘समोरच्याच्या हातातली सुरी हिसकावायला किती महिने लागतील?’ अगं, हा प्रश्नच व्हिडिओ बघून सुचलेला आहे. व्हिडिओत सुरीवाला भोसकतो आणि हात तसाच पुढे धरून थांबतो, म्हणून तो पकडता येतो. खरा माणूस हात लगेच मागे ओढतो, पुन्हा घालतो, पुन्हा ओढतो. पटत नसेल तर रबरी सुरीच्या धारेला लिपस्टिक फास, पांढरा शर्ट घाल आणि मैत्रिणीला म्हण, दहा सेकंद न थांबता ये. मग मनगटाच्या आतल्या बाजूचे डाग मोज. पहिल्या वेळी बहुतेक सगळे तिथेच असतात, कारण आपण तळहात पुढे करून ‘नको’ म्हणतो. ज्या बाजूला नाडी बघतात तीच बाजू आपण धारेला देतो.

म्हणून दुसरा हात. तागालोगमध्ये त्याला बान्ताय-कामाय म्हणतात, पहारा करणारा हात. आपल्या फरी-गदक्यात डाव्या हातात फरी असते ना? इथे ती फरी म्हणजे हा रिकामा हात. एस्पादा इ दागा या प्रकारात त्यात कट्यार असते. कट्यार काढून घेतली तरी हाताचं काम सुटत नाही. जागा नीट बघून घे: छातीच्या मधोमध, अंगापासून वीतभर पुढे, तळहात स्वतःकडे, बोटं मिटलेली, अंगठा चिकटलेला, कोपर बरगडीला. अंगठा उघडा राहिला की काठी आधी त्यालाच शोधते.

आणि काम? पहिला वार, तुझ्या डाव्या कानशिलावर येणारा. काठीने अडव. त्याच क्षणी डाव्या हाताने त्याच्या मनगटावर दाब दे, आणि तो दाब असतानाच तुझी काठी सोडवून त्याच्या काठीवाल्या हातावर मार. सापाचे दात पाडणं म्हणतात याला; डोक्याच्या मागे लागायचं नाही. चुका ठरलेल्या आहेत. हाताऐवजी त्याची काठीच धरायला जाणं. मग तो ती ओढतो आणि तू बरोबर जातेस. दाब द्यायला उशीर करणं. मग तो हात तुझी काठी यायच्या आत दुसऱ्या बाजूने येतो. आणि सगळ्यात मोठी चूक, दुसरा हात विसरूनच जाणं.

त्यावर औषध सिनावाली. सवाली म्हणजे बांबूचा विणलेला तट्ट्या. दोन काठ्या तशाच एकमेकींवरून विणत जातात. उजवखोऱ्याचा डावा हात पहिले काही आठवडे रडतो. रडू दे. रोज दोनशे फेऱ्या, सावकाश, आणि वेग वाढवायचा तो डाव्या हाताला झेपेल तेवढाच. मग हुबुद-लुबुद, बांधणं-सोडणं: आलेला हात डाव्याने घ्यायचा, उजव्याने खालून बाजूला सारायचा, पुन्हा डाव्याने कोपराजवळ दाबायचा, उजवा मारायला मोकळा. यात हत्यार हिसकावणं आपोआप दिसायला लागतं. दिसलं तर घ्यावं, शोधत बसू नये.

मी सहा महिने सुरीला हात लावू देत नाही म्हणून मला हेकट म्हणतात. म्हणोत. ज्यांना घाईने दिली, त्यांची वारांच्या बारा कोनांची घोकंपट्टी चोख आहे आणि डावा हात अजून कमरेला. तो दोष माझा आहे, पुन्हा करणार नाही. तुझ्यासाठीही नाही.

रात्री उशिरा स्टेशनवरून चालत येतेस असं लिहिलंस. त्या वेळी तुझ्या उजव्या खांद्यावर पर्स, आणि डाव्या हातात? मोबाइल, आणि कानात त्याची वायर. म्हणजे पहारेकरी आधीच कामाला लावलेला. मोबाइल पर्समध्ये टाक. उजव्या हातात घडीची नाही, लांब दांड्याची छत्री. मुठीखाली बोटभर दांडा सोडून धर, हाताला ओळखीची वाटेल. हातावर एक फटका बसला की उजेडाकडे पळ, दुसरा मारायला थांबू नकोस.

महिनाभराने व्हिडिओ पाठव, पण चित्रीकरण डाव्या बाजूने कर. उजवा हात मला बघायचा नाही.