निर्वासितांसाठी काम करायचंय, मग शाखा कोणती?

प्रश्न : मी शिरोळ तालुक्यातली, बारावी विज्ञानला आहे. २०१९ च्या महापुरात आम्ही पूरग्रस्तांच्या छावणीत राहिलो. तेव्हापासून घरदार सुटलेल्या लोकांसाठी काहीतरी करायचं मनात आहे. निर्वासितांसाठी ॲप बनवावं असं वाटतं. बाबा म्हणतात, आधी कॉम्प्युटरला ॲडमिशन घे, समाजसेवा नंतर. काय करू?

उत्तर : ही ‘नंतर’ करायची समाजसेवा आहे हे बाबांचं म्हणणं आणि ॲप म्हणजेच विज्ञानाची मदत हे तुझं, दोन्ही मला पटत नाहीत. छावण्यांमध्ये इंजिनिअर, भूशास्त्रज्ञ, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ पगारी नोकऱ्या करतात, आणि बहुतेक ठिकाणी पहिली झुंज पाण्याशीच असते.

२०१२-१३ मध्ये सुदानमधून जीव वाचवून आलेले लोक दक्षिण सुदानमधल्या माबानच्या छावण्यांत होते. तिथे हिपॅटायटिस ई ची साथ आली. दूषित पाण्यातून पसरणारा हा आजार गरोदर बायकांच्या जिवावर उठतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन किती हवं याचा नियम होता : लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम. पण नळावर तेवढं असलं तरी घरातलं पाणी सुरक्षित असतंच असं नाही. तपासणाऱ्यांनी नळापासून झोपडीतल्या भांड्यापर्यंत त्याच पाण्याचा माग काढला. भरलेले कॅन उन्हातून घरी जातात, पाणी काही तास साठून राहतं, तेवढ्यात क्लोरीन उडून जातं. ऊन कडक असलं, भांडं उघडं राहिलं, की आणखी लवकर. पुढे जॉर्डन आणि रवांडातल्या छावण्यांतही अशीच मोजणी झाली. त्यातून ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ ही वैद्यकीय मदत संस्था आणि टोरोंटोचं यॉर्क विद्यापीठ यांनी एक मोफत संगणकीय साधन उभं केलं. छावणीतली मोजमापं भरली की नळावर क्लोरीन किती ठेवायचं ते कळतं. त्यात मशीन लर्निंगही आहे. म्हणजे तुझं ॲप आलंच, पण त्याआधी कुणीतरी भांड्यांच्या मागे उन्हात चाललं.

हे तू गावातच करून बघ. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल (ब्लिचिंग) पावडर टाकतो, ओटी टेस्ट करतो, त्याच्यासोबत जा. या टेस्टमध्ये क्लोरीन असलं की पाणी पिवळं होतं. सकाळी नळाचं पाणी, संध्याकाळी घरच्या कळशीतलं. पिवळा रंग किती फिका पडला ते आठवडाभर वहीत लिही. यात मन रमलं तर सिव्हिल किंवा पर्यावरण अभियांत्रिकी घे. माणशी रोज किमान १५ लिटर पाणी, २५० माणसांमागे एक नळ, हे ‘स्फिअर’ या मदतकार्याच्या आंतरराष्ट्रीय मानकांतले आकडे. कालपर्यंत ओसाड असलेल्या माळावर ते उभं करून दाखवणं म्हणजेच ही नोकरी. पुढे आयआयटी मुंबईच्या ‘सितारा’ (CTARA) या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या केंद्रात एम.टेक. करता येईल. मुंबईच्या टिसमध्ये (टाटा समाजविज्ञान संस्था) आपत्ती व्यवस्थापनाचं पदव्युत्तर शिक्षण आहे.

भूगोलाची आवड असेल तर नकाशांचं कामही मोठं आहे. ऑगस्ट २०१७ पासून सात लाखांहून जास्त रोहिंग्या म्यानमारमधून जीव वाचवून बांगलादेशात कॉक्स बझारला आले, टेकड्यांवरची झाडी गेली, दरडींचा धोका वाढला. कुठली झोपडी आधी हलवायची हे ठरवायला ड्रोनचे नकाशे लागतात. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर मोफत आहे, उपग्रहांच्या चित्रांचा अभ्यास शिकवणाऱ्या डेहराडूनच्या आयआयआरएस संस्थेचे ऑनलाइन कोर्सही मोफत असतात. सुट्टीत सुरुवात कर.

आणि कॉम्प्युटरच घेतलंस, तर डेटाची सुरक्षा शीक. जानेवारी २०२२ मध्ये रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीवर सायबर हल्ला झाला आणि पाच लाखांहून जास्त लोकांची माहिती उघडी पडली. त्यात युद्धात ताटातूट झालेली माणसं होती. ज्याच्यामागे बंदूकवाले लागलेत, त्याचा ठावठिकाणा फुटणं म्हणजे काय, याचा विचार करणारे प्रोग्रामर फार थोडे आहेत. तिथे तुझी खरी गरज आहे.

बाबांना हेही सांग. आंतरराष्ट्रीय संस्था नवख्यांना क्वचितच घेतात आणि बहुतेक करार मुदतीचे असतात. म्हणून पहिली काही वर्षं इथेच काढायची : जीवन प्राधिकरण, भूजल सर्वेक्षण, जलजीवनच्या योजना, पूर आला की मदतकार्य. पाण्याचं काम येणाऱ्या माणसाला नोकरी मिळतेच. सोबत इंग्रजी पक्कं कर आणि फ्रेंच किंवा अरबीला आत्ताच हात घाल.

सीईटीनंतर ऑप्शन फॉर्म भरण्याआधी दोन-तीन कॉलेजांत बाबांना घेऊन जा, आणि पर्यावरणाची प्रयोगशाळा उघडून दाखवायला सांग. उपकरणांवर धूळ असेल तर ते कॉलेज यादीत खाली टाक.