कलाकेंद्राचं पहिलं काम घेताना

अगं, कलाकेंद्रानं तुला नवं काम करायला बोलावलं, फार आनंद झाला. पण होकार कळवण्याआधी कराराचा कागद माग. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ नीट वाच. मोबदला घेऊन कुणाच्या सांगण्यावरून चित्र काढलंस आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर कॉपीराइट काम देणाऱ्याचा होतो. मूळ चित्र कुणाकडे राहणार, हा आणखी निराळा प्रश्न. दोन्ही लिहून घे.

मानधन आणि खर्च वेगळे मांड. मी पहिल्या वेळी एकच आकडा सांगितला; फ्रेम, टेम्पो आणि सुतार यांतच तो संपला. जागाही स्वतः बघून ये. भिंतीला ओल आहे का, दुपारचं ऊन कुठवर येतं.

काम सोपवलं, कॉपीराइट दुसऱ्याकडे गेला, तरी आपला सगळा हक्क संपत नाही. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवलं गेलं, त्याची मोडतोड झाली. ते कोर्टात गेले. २००५ मध्ये उच्च न्यायालयानं त्याच कायद्याच्या कलम ५७ च्या (कलाकृतीची मोडतोड झाली तर दाद मागायचा कलाकाराचा हक्क) आधारे शिल्पाचे अवशेष त्यांना परत द्यायला लावले, वर ५ लाख रुपये भरपाई. किती वर्षं लढले बघ!

सही करण्याआधी मसुदा मला दाखव.